पाद्रीच्या टाकीवरचा चिमटा

१

चिमटा सरकला होता.

कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा, दुसरं काही नाही. पण तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या गेसाला तो पाहून दरदरून घाम फुटला. ओनोमामा गेला तेव्हा चिमटा रविवारवर होता. पोलिसांनी फोटो काढले तेव्हाही रविवारवरच होता. आज तो मंगळवारवर लावलेला होता, आणि या घरात गेसाशिवाय कोणी राहत नव्हतं.

टाकीच्या वर भिंतीला एक पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर सात वारांची नावं होती. जो माशाला खायला घालेल त्याने चिमटा त्या वारावर लावायचा, म्हणजे दुसरं कोणी येऊन पुन्हा घालणार नाही. गावातल्या मत्स्यपालक मंडळाचा हा पहिला नियम. मोठा मासा उपासाने मरत नाही, दोनदा जेवल्याने मरतो, हे ते लोक पोरांना पाढे शिकवावेत तसं एकमेकांना शिकवत. मामाच्या माशाला आठवड्यातून एकदाच जेवण असे, रविवारी. आणि मामाला पुरून आता पंधरवडा उलटून गेला होता.

मासा काचेशी आला. ॲमेझॉनमधला लाल शेपटीचा कॅटफिश, उभा केला तर गेसाच्या छातीला लागेल एवढा. पाठ काळी, पोट पांढरं, म्हणून मामाने त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं. स्वभावाने मात्र तो पाद्री नव्हता. पाण्यात टपकन काही पडलं की ते आपलंच, एवढंच त्याला कळे. तापमापक, स्पंज, एकदा तर मामाचा हातमोजा त्याने गिळला होता आणि काही दिवसांनी ओकून टाकला होता. गेसाला लहानपणापासून त्याची दहशत होती. काचेमागून तो तिच्यासोबत चालायचा, ती थांबली की थांबायचा.

वरून जड पावलं उतरली. किनाऱ्यावरच्या मत्स्य-आश्रय केंद्राच्या डॉक्टर इम्के हार्म्स पाद्रीला केंद्रात न्यायला दुसऱ्यांदा आल्या होत्या. रबरी बूट घातलेल्या, टाकीकडे एक नजर टाकून त्या तिथेच थांबल्या.

"परत? अगं, मागच्या खेपेला मी काय बजावलं होतं? पोट बघ त्याचं, नगारा झालाय नुसता."

"मी नाही घातलं," गेसा म्हणाली. "मागच्या खेपेलाही मी घातलं नव्हतं. मी तर खालीसुद्धा येत नाही, डॉक्टरबाई. मला भीती वाटते त्याची."

डॉक्टरबाईंनी तिच्या नजरेच्या दिशेने वर पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांचाही चेहरा बदलला.

२

चहा वरच्या स्वयंपाकघरात झाला. खडीसाखरेवर गरम चहा पडला की ती तडतडते. तेवढ्या आवाजानेही गेसा दचकली. डॉक्टरबाईंनी साय घातली, केकचा मोठा तुकडा तोडला आणि सरळ विचारलं, की तुला इथून निघून का जाता येत नाही.

गेसाने सांगितलं ते थोडक्यात असं. ब्रेमेनमधला संसार मोडला होता, तिथली खोलीही गेली होती. मामाने हे घर तिच्या नावावर ठेवलं होतं, आणि नेमकं तेच गावाच्या डोळ्यात सलत होतं. मामा टाकीशेजारच्या लाकडी माचावरून पडला, टाकीमागे भिंतीलगतच्या अंधाऱ्या बोळात. शेजारच्या थेडाकाकूंना तो दुसऱ्या दिवशी सापडला. पोलीस म्हणाले अपघात. गाव म्हणालं, भाची. आता ती पोलिसांकडे जाऊन माझ्या माशाला कोणीतरी जेवू घालतंय असं म्हणाली, तर ते हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसणार नाहीत.

"म्हणजे कोणीतरी आत येतं आणि तू झोपलेली असतेस की नसतेस, ते त्यालाच ठाऊक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"असं बोलू नका हो."

"बोलायलाच हवं. किल्ल्या कोणाकडे आहेत?"

तळघराला मागच्या बाजूने वेगळं दार होतं. मामा सुट्टीवर गेला की मंडळाची माणसं पाळीपाळीने येऊन पाद्रीला बघत. त्यामुळे त्या दाराच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: शेजारच्या थेडा पॉपिंगा, बंदरावर मासे विकणारा विल्को, आणि मंडळाचे अध्यक्ष टामो मास्तर.

"मी उद्याच कुलूप बदलते," गेसा म्हणाली.

"बदल, आणि मग जन्मभर विचार करत बस की तिघांतला कोण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे बघ. कोणाला नुसती माशाची कणव आली असती तर त्याने कधीही खायला घातलं असतं. हा माणूस नेमका मी न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी घालतो, दोन्ही खेपांना. भरल्या पोटी हा मासा हलवला की टबात ओकतो, पाणी नासतं आणि तो वाटेतच मरतो. मंडळातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचार, सांगेल. म्हणजे कोणालातरी हा मासा या घरातून जायला नको आहे."

"का पण?"

"तेच तर. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मोठ्या माशाचा पहिल्याच दिवशी क्ष-किरण फोटो काढतात. पोटातून काय काय निघतं ते मी तुमच्या मंडळात येऊन भाषणात सांगितलंय. सगळे हसले होते. एकजण आता हसत नसेल."

डॉक्टरबाईंनी शांतपणे एक बेत सांगितला. आजवर सगळ्यांना एकच तारीख कळत होती; पुढच्या खेपेला तिघांना तीन वेगवेगळ्या सांगायच्या. ज्याला जी तारीख सांगू, तिच्या आदल्या दिवशी माशाचं पोट आणि वरचा चिमटा बघायचा. कुलपाला हात लावायचा नाही.

"आणि तोवर मी इथे एकटी?"

"तोवर तू इथे एकटी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

३

थेडाकाकूंना गेसाने पुढचा मंगळवार सांगितला. त्या कुंपणापाशीच उभ्या होत्या. त्या नेहमी कुंपणापाशीच असत. तुझ्या मामाने तळघरात समुद्र भरून ठेवलाय आणि माझ्या भिंतीचे पोपडे निघताहेत, हे त्यांनी पुन्हा एकदा सुनावलं. मासा गेला तर सुंठीवाचून खोकला जाईल, म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून विचारलं, की पोरी, तू नीट जेवतेस ना. गेसाला भडभडून आलं, आणि लगेच शंकाही आली, की माझ्या जेवणाशी यांना काय करायचंय. भीतीने माणसाचं असं होतं. मायेचा शब्दही तपासून घ्यावा लागतो.

विल्कोला तिने बुधवार सांगितला. बंदरावर त्याच्या दुकानात उभं राहिलं की कानठळ्या बसत. तो नेहमी ओरडूनच बोलायचा, समोरचा हाताच्या अंतरावर असला तरी. पाद्री त्याला स्वतःला हवा होता, दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायला. मामाने त्याला सरळ उडवून लावलं होतं.

"मला दे तो!" बर्फावर हेरिंग मासे फेकत विल्को गरजला. "त्या डॉक्टरीणबाईकडे जाऊन तो काय करणार? इथे लोक रांगा लावतील बघायला. तुझ्या मामाला सांगून सांगून थकलो. मेला, पण ऐकलं नाही."

हे म्हणताना त्याने गेसाकडे पाहिलं नाही. मामाला शेवटचा कधी भेटलास, असं तिने विचारल्यावर तो एकदम गप्प झाला. विल्को गप्प झालेला तिने त्याआधी कधी पाहिला नव्हता. परतताना तो आपल्या मागे येत नाही ना, हे ती वळून वळून बघत राहिली.

टामो मास्तरांकडे जाणं तिच्या सगळ्यात जिवावर आलं होतं. शाळेत त्यांनी तिला गणित शिकवलं होतं, तिच्या पाठीवर हात ठेवून शाबासकी दिली होती. पण मामा गेल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. वाण्याकडे रांगेत ती मागून नमस्कार म्हणाली तर त्यांनी मान वळवली नव्हती. चर्चबाहेर तिने हाक मारली तर सरळ चालत गेले. बाकीचं गाव काहीही म्हणो, पण मास्तरांनाही आपण खुनी वाटतो, याचं तिला रडू यायचं.

आजही तेच झालं. मास्तर टाक्यांच्या खोलीत पाठमोरे काच पुसत होते. ती दारातून बोलली, पुन्हा बोलली, ते पुसतच राहिले. शेवटी ती पुढे जाऊन समोर उभी राहिली तेव्हा ते केवढे तरी दचकले.

"अगं, गेसा. ये ना," म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले.

तिने शुक्रवार सांगितला. त्यांनी मान हलवली. मंडळाच्या वतीने मीच मदतीला येईन, म्हणाले, असला मासा उचलणं बायकांचं काम नाही. खोलीतल्या टाक्या लखलखत होत्या. मधली एक मात्र रिकामी होती. तिच्यात पाणी होतं, वर दिवा चालू होता, मासा कुठेच नव्हता. तिच्या शेजारी भिंतीवर त्यांच्या गेलेल्या बायकोचा, आल्मुटचा फोटो होता. यातला मासा कुठे गेला, असं गेसाने सहज विचारलं.

"म्हातारा झाला होता," मास्तर म्हणाले आणि फडका पिळायला लागले.

४

सोमवारी चिमटा हलला नाही. मंगळवारीही हलला नाही.

हे बघायला गेसाला रोज दुपारी तळघरात उतरावं लागे. बुधवारी वर येताना तिने हिशेब केला. विल्को नाही. थेडाकाकू नाहीत. म्हणजे उरलं एकच नाव, आणि ते नाव तिला घ्यायचं नव्हतं. डॉक्टरबाईंचं गणितच चुकलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. मास्तरांनी शिकवलेल्या पोरीला गणित चुकावंसं वाटलं, ही त्या आठवड्यातली आणखी एक गंमत.

गुरुवारी दुपारी समुद्राकडच्या बांधावर धुकं उतरलं होतं आणि तळघरात दिवा लावल्याशिवाय दिसत नव्हतं. ती खाली पोचली, दिव्याच्या बटणाकडे हात नेला, आणि मागच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

वर पळायला वेळ नव्हता. ती बॉयलरमागे सरकली. तोंडावर हात दाबून धरला तरी तिला वाटलं, आपला श्वास घरभर ऐकू जातोय.

आत आलेल्या माणसाने पावसाळी कोटाची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली होती. त्याने विजेरी लावून माचावर ठेवली. कागदातून एकेक हेरिंग काढून पाण्यात टाकला, आणि प्रत्येक वेळी ते मोठं तोंड उघडून मिटल्याचा डुबुक आवाज झाला. मग त्याने लांब दांड्याची जाळी घेतली आणि टाकीच्या तळाची वाळू उपसून चाळायला लागला. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे, काहीतरी हरवलेलं शोधावं तशी. काही मिळालं नाही. तो माचावर बसला आणि त्याने कपाळ काचेला टेकवलं. माशाने आतून तिथेच येऊन मिशा टेकवल्या.

गेसाचा पाय बधिर झाला होता. तिने तो जरासा हलवला, आणि शेजारची पत्र्याची बादली जमिनीवर आडवी झाली.

तो आवाज एवढा मोठा होता की तिला वाटलं, संपलं. ती डोळे मिटून उभी राहिली. आता पावलं येतील. आता हात येईल.

काहीच आलं नाही. तिने डोळे उघडले. बादली अजून फिरत खडखडत होती, आणि तो माणूस तिच्यापासून चार पावलांवर, तसाच काचेला कपाळ लावून बसला होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग तो उठला, जाळी जागेवर टांगली, विजेरी उचलली. दाराकडे जाताजाता, वर न बघता, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा हात पट्टीकडे गेला. त्याने चिमटा काढून गुरुवारवर लावला.

५

शुक्रवारी सकाळी डॉक्टरबाईंची गाडी आली. गेसाने फोनवर सगळं सांगितलं होतं, बादलीचंही. ते ऐकून डॉक्टरबाईंनी एक विचित्र प्रश्न विचारला होता: गावात तुझ्या हाकेला कोण ओ देत नाही?

"कोणीच देत नाही," गेसा म्हणाली होती.

"सगळे तोंड फिरवतात. मान न वळवणारा कोण?"

मास्तर वेळेवर हजर झाले. डॉक्टरबाईंनी विल्कोलाही उचलायला बोलावलं होतं. खाली आल्यावर मास्तरांनी टाकीकडे बोट दाखवलं. पोट भरलेलं आहे, म्हणाले, आज नेता येणार नाही, मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी तसं होऊ देणार नाही.

"न्यायचा नाहीच," डॉक्टरबाई त्यांच्या समोर येऊन म्हणाल्या. "फक्त या टबात घ्यायचा, घटकाभर, आणि परत सोडायचा. ताजं पाणी तयार आहे. मासा मरणार नाही. फक्त ओकेल."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी कापडाची झोळी धरली नाही. विल्को आणि डॉक्टरबाईंनी माचावरून ती पाण्यात सोडली, आणि पाद्री झोळीत धडपडत टबात आला. त्याने शेपटी आपटली, गेसा भिंतीला चिकटली. मग त्याने ते अवाढव्य तोंड उघडलं. कालचे हेरिंग एकामागून एक बाहेर आले, आणि त्यांच्यामागून शेंगदाण्याएवढं कातडीच्या रंगाचं काहीतरी, बारीक नळी लोंबत असलेलं.

विल्कोने ते उचलून विजेरीखाली धरलं. "कानाचं यंत्र," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"त्याच्यावर क्रमांक असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्याने बनवलं त्याच्याकडे नाव असतं. मास्तर, तुम्ही नवं यंत्र का करून घेतलं नाहीत ते मला कळतं. जुनं कुठे गेलं, असं त्या बनवणाऱ्याने विचारलं असतं. म्हणून तुम्ही यंत्राविना राहिलात. पाद्री ओकेल याची वाट बघत राहिलात, वाळू चाळत राहिलात, आणि मी येणार म्हटलं की त्याला पोटभर जेवू घालत राहिलात. सगळं जमलं असतं. पण मासा जेवला की चिमटा हलवायचा, हा नियम मंडळात आणला कोणी?"

"मीच," मास्तर म्हणाले.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. माचाच्या पायरीवर बसून, सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, ते बोलत राहिले. नाताळात त्यांची मधली टाकी फुटली होती. तिच्यात आल्मुटने वाढवलेला, ऑस्कर जातीचा म्हातारा मासा होता. तिच्या हातून खायचा, तिची चाहूल लागली की वर यायचा. ती गेल्यावर मास्तरांच्या घरात तिला ओळखणारं तेवढंच एक उरलं होतं. ओनो म्हणाला, नवी काच बसेपर्यंत माझ्याकडे ठेव, मध्ये जाळीची भिंत घालतो. मास्तर ऑस्करला न्यायला आले तेव्हा भिंत आडवी झाली होती आणि टाकीत पाद्री एकटाच होता.

"ओनो म्हणाला, मासाच तो, दुसरा आणू. वाईट मनाने नाही म्हणाला. तो तसाच बोलायचा. मी त्याची कॉलर धरली. त्याने मला ढकलायला हात उचलला तो कानावर लागला, यंत्र पाण्यात पडलं आणि पाद्रीने गिळलं. आणि मी त्याला ढकललं."

गेसा भिंतीपासून सुटी झाली. या माणसाच्या पावलांच्या भीतीने तिने आठवडाभर दाराला खुर्ची लावून रात्री काढल्या होत्या. आता तो समोर बसला होता आणि त्याचे हात म्हाताऱ्याचे होते, शाईचे डाग कधीच न गेलेले. भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही. तिच्या जागी आलेलं काहीतरी फार जड होतं.

"मामाला तसंच टाकून गेलात," ती म्हणाली.

"नाही. नाही, गेसा." मास्तर पहिल्यांदा कळवळले. "तो मागे बोळात पडला, अंधारात. मला दिसेना. मी हाका मारल्या. जिन्यावरून मारल्या, वर जाऊन दारातून मारल्या. ओनो, ओनो म्हणून. कितीतरी वेळ उभा होतो. एकदा जरी त्याने ओ दिली असती तरी मी खाली उतरलो असतो, त्याला खांद्यावर घातलं असतं. पण काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, गेला. म्हणून मी..."

पोलिसांच्या डॉक्टरांनी गेसाला एक गोष्ट सांगितली होती, आणि ती तिने आजवर कोणालाही, डॉक्टरबाईंनाही, सांगितली नव्हती. ती मास्तरांच्या समोर गुडघ्यांवर बसली, त्यांना तोंड नीट दिसेल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"मामा संध्याकाळपर्यंत जिवंत होता, मास्तर. शुद्धीवर होता."

मास्तर तिच्या ओठांकडे बघत राहिले. बोललेलं कळायला त्यांना वेळ लागला. मग त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि रिकाम्या कानावर जाऊन थांबला.

गेसाने त्यांना उठायला हात दिला. वर थेडाकाकूंनी डॉक्टरबाईंनी बोलावलेल्या पोलिसांना दार उघडलं होतं, आणि जिन्यावरून कोणीतरी मास्तरांना नावाने हाका मारत खाली येत होतं.